पोळ्याला बैल वेशीतून न्यायचे की नाही? (अण्णा गेल्यानंतरचा पहिला पोळा)

शमशोनचा_मालक (बदनापूर तालुका, जि. जालना)

सलाम मंडळी.

प्रश्न छोटा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून लांबण लागणार. ज्यांना बैलाबारदान्याचा कंटाळा आहे त्यांनी सरळ खालचा शेवटचा पॅरा वाचावा.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं चार. त्यातली दोन वाळूजला कंपनीत, त्यांचं कुलूप नाताळाला उघडतं. उरलेल्या दोनांत एक म्हातारी एकटी राहते अन् एक आम्ही. पाच एकर रान आहे, दीड एकर मोसंबी, बाकी कपाशी आणि सोयाबीन. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते, पण कोळपणीला आणि बागेत बैलच लागतात. मोसंबीच्या झाडाखालून ट्रॅक्टर घातला की फांदीही जाते आणि फळही. म्हणून गावात बैलजोड्या बारा-तेराच राहिल्या तरी त्यात आमची एक आहे.

जोडीतला एक शमशोन. लाल कंधारी, आता वयात आलेला. गोऱ्हा असताना त्यानं दोनदा दावं तोडलं, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बायबलातल्या बलवान शमशोनावरून हे नाव ठेवलं. गावाला ते नाव कुठून आलं ते माहीत नाही, सगळे 'शमश्या' म्हणतात. दुसरा गुलब्या. तो बाजारातून नावासकट आला होता, अण्णा म्हणाले मोठ्या जनावराचं नाव बदलू नये, बावचळतं.

अण्णा माघात गेले. भस्मबुधवारच्या आदल्या आठवड्यात. सकाळी बागेला पाणी सोडून आले, ओट्यावर बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत नव्हते.

अण्णांचा पोळा कसा असायचा ते सांगतो. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. कोमट पाण्यानं बैलांचे खांदे धुवायचे, मग तूप-हळद चोळायची. जिथं जू बसून कातडं घट्ट झालेलं असतं तिथं अंगठ्यानं दाबून दाबून. हे काम ते कुणाला करू देत नव्हते. चोळताना बैलाच्या कानात म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे सगळं गाव म्हणतं. पण अण्णा त्याच्यापुढं हळूच जोडायचे, "अन् वर्षभर जे बोललो ते मनावर घेऊ नका." मला लहानपणी वाटायचं की हे पण सगळेच म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी झूल, गोंडे, घुंगरमाळा, नवी वेसण, नवा कासरा. आमच्याकडं वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. आधी मानाची जोडी, मग बाकीच्या, अशा सगळ्या तोरणाखालून मारुतीपुढं जातात. तिथं नारळ फुटतो, बैलांची मंगलाष्टकं होतात. अण्णा तोरणाखालून जायचे, पण देवळापुढं जायचे नाहीत. अलीकडं लिंबाचं झाड आहे, तिथं थांबायचे. टोपी काढून काखेत धरायचे, ओठ हलायचे, मग टोपी घालून बैल घराकडं वळवायचे. घरी माय बैलांच्या पायांवर पाणी घालायची. कुंकू नाही, ओवाळणी नाही. अण्णा एकशेचारावं स्तोत्र वाचायचे, जनावरांसाठी गवत उगवणाऱ्या देवाचं, आणि बैलांपुढं पुरणपोळी. आम्हाला त्याच्यानंतर. इतकं साधं होतं, आणि माझ्या हयातीत कुणी त्यावर बोट ठेवलं नव्हतं.

आता बायकोकडचं. ती जालन्याची, तिचं माहेर एका नव्या फेलोशिपमधलं. आम्ही आता त्याच भक्तीला जातो, कारण आमच्या जुन्या मंडळीत महिन्यातून एकदा पाळक येतात आणि लेकरांना संडेस्कूल पाहिजे. तिथले पास्टर मागच्या आठवड्यात घरप्रार्थनेला आले. गोठ्यात गोंडे टांगलेले दिसले. मग बायबलातलं निर्गम बत्तीस काढलं, सोन्याचं वासरू. म्हणाले, बंधू, बैलाला सजवून देवळापुढं नेता, मंगलाष्टकं ऐकता, आणि रविवारी प्रभूच्या मेजावर बसता, हे दोन्ही कसं चालेल? ह्या वर्षी तुम्ही घराचे कर्ते आहात, ही साखळी तुम्ही तोडा.

माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. अण्णांच्या वेळी पावसापाण्याचं न बघता तीस किलोमीटर मोटरसायकलवर आले होते, शवपेटी खांद्यावर घेतली होती. म्हणून त्यांचं बोलणं उडवून लावता येत नाही. बायकोनं दुसऱ्या दिवशीपासून गोंड्यांचं नाव काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माय वेगळीच. ती फक्त एवढंच विचारते, "डाळ किती भिजू घालू?"

आणि पोरगी. नऊ वर्षांची. तिला संडेस्कूलात शिकवलं की जुन्या करारात लोक बैलाचं अर्पण करायचे, होमार्पण, अख्खा जाळायचे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन शमशोनला सांगते, "तुझं नाही करणार." आता तिला वाटतंय की पास्टर अंकल त्याच्यासाठीच आले होते.

शेजारच्या काकांनी काल विचारलं, "यंदा तुमची जोडी हाय ना लायनीत? अण्णा नाहीत, कासरा तूच धरशील." मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

तर प्रश्न असा: पोळा चार दिवसांवर आहे. बैल वेशीतून नेऊ का? घरीच धुऊन खाऊ घालून मोकळं व्हावं का? तुमच्याकडं शेतकरी ख्रिस्ती घरांत काय करतात? वचन सांगितलं तर बरं, पण ज्यांनी कधी बैल धरलाय त्यांनी आधी लिहावं.

---

शालोम_ताई (बीड)

भाऊ, मी बैल धरलाय, म्हणून पहिली लिहिते.

नेऊ नका.

मी जन्मानं ख्रिस्ती नाही. लग्नानंतर सात वर्षांनी विश्वासात आले. मूल होत नव्हतं म्हणून प्रत्येक पोळ्याला मला त्याच मारुतीपुढं बसवून काय काय केलंय ते इथं लिहीत नाही. बाप्तिस्मा घेतला तेव्हा सासरच्यांनी दोन वर्षं पाण्याला शिवू दिलं नाही. तुमच्यासाठी ते तोरण म्हणजे आंब्याची पानं असतील. माझ्यासाठी ते दार आहे, ज्यातून मी बाहेर आले. आज मी परत त्याखालून गेले तर गाव म्हणेल, बघा, आली वळणावर.

२ करिंथ सहा वाचा, "वेगळे व्हा" म्हटलंय. तुमच्या अण्णांचं मन शुद्ध होतं हे मान्य. पण बघणाऱ्याला मन दिसत नाही, बैल कुठं चाललाय ते दिसतं.

पास्टरांवर राग धरू नका. तुमच्या बायकोवर तर मुळीच नको. ती गप्प आहे याचा अर्थ तिला तुमच्या अण्णांची आठवण येत नाही असा नाही.

---

गंगथडी (वैजापूर तालुका)

आम्ही कॅथलिक, त्यामुळे माझं उत्तर काहींना चालणार नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो.

आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन आधी चर्चच्या आवारात नेतात. फादर स्टोल घालून येतात, प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात. मागच्या वर्षी आमच्या पांढऱ्यानं नेमकी त्याच वेळी मान हलवली आणि शिंगाला बांधलेला फुगा फादरच्या तोंडावर फुटला. अख्खं आवार हसलं, फादर पण.

हे आम्ही कुठून काढलेलं नाही. जनावरांना, शेताला, बियाण्याला आशीर्वाद द्यायच्या प्रार्थना चर्चच्या विधिग्रंथात जुन्या काळापासून आहेत. युरोपात संत अंतोनीच्या सणाला, १७ जानेवारीला, लोक गायी-घोडे चर्चपुढं आणतात. संत इसिदोर तर शेतमजूरच, स्पेनमधला, त्याचा सण १५ मे. आमच्या घरात त्याचं चित्र आहे, मागं नांगर धरलेला देवदूत आणि बैल. आजी म्हणायची, ह्यो आपल्यातलाच दिसतो.

घोगरगावला आमच्या खापरपणज्यांना ज्या फ्रेंच फादर जाकिएरबाबांनी बाप्तिस्मा दिला, त्यांच्याबद्दल आजी सांगायची की बाबा कुणाच्याही घरी आले की आधी गोठ्याकडं बघायचे, मग माणसांकडं. खरं-खोटं आजीला माहीत. पण सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मारियामातेच्या यात्रेला, आम्ही चालत जातो तेव्हा वाटेत अजून म्हातारी माणसं त्यांच्या गोष्टी सांगतात.

तर माझं म्हणणं, वेशीत न्या की नेऊ नका, आधी आशीर्वाद घ्या. तुमचे महिन्यातून एकदा येणारे पाळक आहेत ना? त्यांना फोन लावा. येतील. बैलाला आशीर्वाद द्यायला बोलावलं तर कोण पाळक नाही म्हणेल?

---

जुना_मास्तर (जालना)

मुलांनो, जरा थांबा. मी मिशन शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे बोलताना खडू हातात असल्यासारखं होतं, ते सांभाळून घ्या.

पहिलं, सोन्याचं वासरू. निर्गम बत्तीस तिथं लागत नाही. लोकांनी वासराला देव म्हटलं, हा तिथला गुन्हा. तुमच्या अण्णांनी शमशोनला देव म्हटलं नाही, त्याची माफी मागितली. माणूस ज्याची माफी मागतो त्याला राबवलेलं असतं, पूजलेलं नसतं.

दुसरं, बैल शास्त्रात फार ठिकाणी आहे. विसाव्याची आज्ञा 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचा, तिथं बैल आणि गाढव नावानिशी आहेत, त्यांनाही सुट्टी. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, हे अनुवाद २५:४. आता गंमत बघा. प्रेषित पौलानं हेच वचन १ करिंथच्या नवव्या अध्यायात घेतलं आणि कशासाठी? तर सुवार्ता सांगणाऱ्याला मंडळीनं पोसावं, हे पटवायला. म्हणजे तुमच्या पास्टरसाहेबांच्या ताटात जे दान पडतं, त्याचा आधार हा बैलच आहे. त्यांना हे प्रेमानं सांगा, चहा पाजून.

योनाचं पुस्तक शेवटी कुठं संपतं माहीत आहे? निनवे शहर का वाचवायचं हे देव योनाला सांगतोय. इतकी माणसं आहेत, असं म्हणतो, आणि शेवटचे शब्द काय, तर "पुष्कळ गुरेढोरेही". चौथीच्या पोरांना मी विचारायचो, देवाला गुरं का आठवली? एका पोरानं उत्तर दिलं होतं, "त्यांनी काही केलं नव्हतं म्हणून." ते उत्तर मी अजून सुधारू शकलो नाही. तुमच्या मुलीला हे सांगा. होमार्पणाचं नंतर सांगता येईल.

आता मुख्य. शालोमताईंचं म्हणणं हलकं घेऊ नका. मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल पौल हेच म्हणतो, खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्याचा पाय घसरत असेल तर थांब. त्यांच्या गावात त्या असत्या आणि तुम्ही शेजारी असता, तर मी म्हणालो असतो, घरीच करा. पण तुमच्या गावात तुमच्या लिंबाखाली थांबण्यानं कुणाचा पाय घसरला, ते सांगा.

आणि नामान, अरामचा सेनापती. २ राजे, पाचवा अध्याय. कोड गेलं ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पुढचं कुणी वाचत नाही. बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढं मी परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही. पण एक अडचण आहे. माझा राजा रिम्मोन दैवताच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा मोठा कडक माणूस. तो काय म्हणाला? "शांतीने जा." तुमचे अण्णा तर वाकलेही नाहीत, अलीकडेच थांबले.

आपल्याकडं हा प्रश्न आजचा नाही. इथंच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले, जन्मानं ब्राह्मण. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्या माणसानं भजन-कीर्तन टाकलं नाही, उलट प्रभूची गीतं त्याच चालींत लिहिली, आणि शेवटी १९१७ला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ काढला. त्यांच्यावरही टीका झाली. आज त्यांची गीतं म्हटल्याशिवाय तुमच्या पास्टरांचीही उपासना पुरी होत नसेल. हां, कीबोर्डवर वाजवत असतील, ती गोष्ट वेगळी.

काय करायचं ते मी सांगणार नाही. कासरा तुमच्या हातात आहे.

---

गुरांची_डॉक्टर (परभणी)

धर्माचं मला कळत नाही, मी ख्रिस्तीही नाही, बहिणीनं लिंक पाठवली म्हणून वाचलं. पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शिंगांना ऑइल पेंट लावू नका. शिंगं साळू नका. साधा पाण्याचा रंग चालतो.

पुरणपोळी एक, फार तर दोन. दरवर्षी पोळ्याच्या रात्री माझा फोन बंद होत नाही. घरचे चार घालतात, शेजारचे चार घालतात, बैल खात राहतो. एवढं गोड आणि डाळ एकदम पोटात गेली की पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतं, पोट फुगतं. म्हातारा बैल असेल तर जास्त जपा. आधी नेहमीचा कडबा-गवत खाऊ घाला, पोळी शेवटी, शास्त्रापुरती. रवंथ थांबलं किंवा डावी कूस फुगलेली दिसली तर घरगुती औषधपाणी करत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा.

आणि लम्पीची लस झाली आहे का? नसेल तर गर्दीत नेऊच नका, हे माझं उत्तर.

---

शमशोनचा_मालक

सगळ्यांचे आभार. पोळा होऊन दोन दिवस झाले, आता लिहायला सवड मिळाली. आधी कापसावर फवारणी होती.

लस झाली होती, ताई.

मास्तरांचं उत्तर मी बायकोला वाचून दाखवलं नाही. तिनं माझ्या मोबाईलवर स्वतः वाचलं, मला नंतर कळलं. शालोमताईंचं तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "हिचं पण खरं आहे." मी म्हणालो, हो. एवढंच बोलणं झालं.

खांदमळणीच्या संध्याकाळी मी तूप कोमट करून गोठ्यात नेलं. अण्णांसारखा अंगठा मला काही जमेना. शमशोन पाय आपटायला लागला. तेवढ्यात बायको आली, पदर खोचला, मला म्हणाली "सरका", आणि चोळायला लागली. म्हणाली, अण्णांना शेवटच्या महिन्यात पाठीला तेल मीच चोळत होते, मला माहीत आहे कुठं दाबायचं. शमशोन उभा राहिला. तिनं आवतण दिलं नाही, ते पोरीनं दिलं. वर "तुझं नाही करणार" हे जोडलं.

मग रात्री मायला विचारलं. खरं तर आधीच विचारायला पाहिजे होतं. म्हटलं, माय, अण्णा लिंबाखालीच का थांबायचे? मला वाटत होतं की प्रभूसाठी. मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, नारळ बघायचा नाही, म्हणून.

माय डाळ निवडत होती. म्हणाली, "तसं बी होतं. पण तुला कोन सांगितलं नाही का? तुझ्या आज्याची जोडी वेशीतून येऊच देत नव्हते. म्हारवाड्यातली म्हणून. ख्रिस्ती झाले तरी गावाला काय फरक? लिंबापासून मागं वळवायचे. बाहत्तरच्या दुष्काळात आज्यानं बैल मोडला, इकला, तव्हा त्याला वाटलं, जाऊ दे, आता पोळाच नको. मंग तुझ्या बापानं पहिली जोडी आणली. तव्हा गावात दोन दिस मिटिंगा झाल्या. शाळेतले गुरुजी मधी पडले. तव्हा कुठं तोरणाखालून गेले. सगळ्यात मागून. तरी गेले."

मी विचारलं, मग लिंबाखाली थांबायचं काय कारण? तोरण तर सुटलं होतं.

माय म्हणाली, "तुझा आजा तिथंच उभा ऱ्हायचा ना."

मी रात्री झोपलो नाही म्हटलं तर खोटं होईल, झोपलो, पण उशिरा.

सकाळी पास्टरांना फोन लावला. मास्तरांचं करिंथ नऊ सांगायची हिंमत झाली नाही. आज्याचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. त्यांचं घर मूळचं लातूरकडचं, तिथलं काहीतरी सांगायला लागले होते, मग थांबले. म्हणाले, माझं मत बदललं असं समजू नका, पण मी प्रार्थना करतो, रविवारी बोलू. रविवार उद्या आहे.

तर बैल नेले. गावात यंदा अकराच जोड्या होत्या, मागं-पुढं करायला माणसंच उरली नाहीत, त्यामुळे आमची मधेच कुठंतरी लागली, चौथी की पाचवी. हे बघायला अण्णा पाहिजे होते, कारण त्यांनी नंबर मोजला असता. तोरणाखालून गेलो. हलगी इतकी जोरात की काही सुचत नव्हतं. लिंबाखाली आलो, थांबलो. शेजारचे काका पुढून वळून बघत होते, त्यांनी हात केला आणि पुढं गेले, त्यांना माहीत होतं.

टोपी काढली. अण्णा काय म्हणायचे ते मला माहीत नाही, ओठ हलताना फक्त बघितले होते. म्हणून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. "आमची रोजची भाकर" पर्यंत आलो आणि तिथं गुलब्यानं काकांच्या जोडीमागं जायला असा ओढा घेतला की कासरा हातातून सटकला, टोपी खाली, आणि शमशोनचा पाय टोपीवर. पुढची प्रार्थना बैलांना आवरत, मोठ्यानंच झाली. दोन-तीन पोरं ऐकत होती. एकानं 'आमेन' म्हटलं, तो कुणाचा पोरगा ते अजून कळलं नाही.

घरी मायनं पाणी घातलं. स्तोत्र पोरीनं वाचलं, अडखळत, 'गवत'च्या जागी 'गव' वाचलं. बायको दारात उभी होती, पोळ्यांची परात तिच्याच हातात होती.

टोपी धुतली, पण खुराचा डाग गेला नाही. तशीच वाळत घातली आहे.

डॉक्टरताई, तुमचं ऐकून मी दोघांना दोन-दोनच पोळ्या दिल्या. पण रात्री नऊच्या सुमाराला शमशोन रवंथ करेना, डावी बाजू टम्म. डॉक्टर बोलावला, नळीनं औषध पाजलं, अकरापर्यंत उतरलं. चौकशी केली तेव्हा मायनं कबूल केलं, अण्णांच्या वाटच्या पाच पोळ्या तिनं मागच्या दारानं त्यालाच नेऊन घातल्या होत्या.

आता बरा आहे. आज कोळपं ओढलं.